जन्माआधीची खाच

शेखरला यंत्रात घातलं तेव्हा शेषराव बाहेरच्या बाकावर बसून होते. अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या तपासणी केंद्रात त्यांची मुलगी मोनाली डॉक्टर होती. लोकांच्या शरीराच्या आतले फोटो पाहून दुखण्याचं नाव सांगायचं, हे तिचं काम. शेखर तिचा सख्खा काका, शेषरावांचा धाकटा भाऊ. पन्नाशीला आलेला, पण घरात अजून सगळ्यांचा लहानाच. डावा हात लहानपणापासून मुठीसारखा वळलेला, डावा पाय थोडा ओढत टाकणारा, आणि मिसरूड फुटायच्या वयापासून अधूनमधून येणाऱ्या फिटा. या वर्षी त्या वाढल्या. एकदा तर फुलं तोडता तोडता तो शेवंतीच्या वाफ्यातच कोसळला. तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता एकदा नीट एमआरआय काढून घ्या.

दाराआडून यंत्राचा आवाज येत होता. आधी ठकठक, मग एकदम घुमल्यासारखा, ताणलेल्या तारेवर काहीतरी आपटावं तसा. शेषरावांना पिंजाऱ्याची कापूस पिंजायची धुनकी आठवली. त्यांच्या गावी, भातकुलीला, जैन मंदिराच्या मागच्या गल्लीत एक घर होतं. तिथं दिवसभर धुनकीची तात वाजायची, कापूस उडायचा आणि दोन पोरं त्या कापसात लोळून पांढरी म्हातारी होऊन बाहेर पडायची. त्यातला एक शेषराव. दुसऱ्याचं नाव त्यांनी किती वर्षांत तोंडाने घेतलं नव्हतं. त्यांनी मान झटकली आणि समोरच्या भिंतीवरच्या सूचना वाचायला घेतल्या.

शेखर बाहेर आला तो हसतच. म्हणाला, "दादा, आतमंदी कोणीतरी टीनावर दगड मारून राहिलं होतं. मी आपला मनातल्या मनात हार ओवत बसलो. दोन हार झाले."

शेखर हार ओवायचा तो एका हाताने. सुईचं नेढं दातात धरायचं आणि उजव्या हाताने फूल चढवायचं. भातकुलीच्या देवळांत जाणारे निम्मे हार त्याच्याच दातांखालून जायचे.

मोनाली मात्र लवकर बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा कामातला होता. "बाबा, तुमी काकाले घेऊन घरी जा. मी रविवारी येते, तवा सांगते."

"काई वाईट हाय का?"

"वाईट नाई. मले फक्त नागपूरच्या सरांना दाखवू द्या. आपल्या घरचं माणूस असलं की डोळे धोका देतात."

रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली. आतल्या खोलीची खिडकी लावून घेतली, वरून चादर टाकली, म्हणजे पडद्यावर उजेड पडू नये. शेषराव खाटेवर बसले. शेखरही आला आणि जमिनीवर मांडी घालून, नेमका पडद्यासमोर बसला.

"हे माह्या डोक्याचं हाय?"

"तुह्याच डोक्याचं, काका. पाहा. मेंदूच्या वरून ही राखाडी साल असते. तिच्या आत हा पांढरा गर. अन् मधात ह्या काळ्या पोकळ्या दिसतात, त्यात पाणी असते, ते समद्यायलेच असते. आता ही बाजू पाहा." तिने बोट ठेवलं. "ही खाच. वरून निघते अन् थेट आतल्या पाण्यापर्यंत जाते. ही तुह्या मेंदूची उजवी बाजू. डावा हात, डावा पाय इथूनच हालते."

शेषरावांनी चष्मा पुढे ओढला. खाच त्यांनाही दिसली. नदीच्या काठाला घळ पडावी तशी. ते म्हणाले, "म्हणजे हाच तो मार. जन्मताना लागला तो."

"मीबी इतके वर्ष तेच धरून बसली होती," मोनाली म्हणाली. "काकाचा जुना स्कॅन पेटीत पडून होता. त्याच्यावर लिहिलेलं होतं, जुनी इजा. मी एवढी शिकली, रोज दुसऱ्यांचे मेंदू पाहते, पण घरातला तो फोटो काढून कधी उजेडात धरला नाई. आपल्या घरात ठरलंच होतं ना. बाबा, या खाचेच्या काठाकडं पाहा. काठावर कोणता रंग दिसते?"

शेषरावांनी बराच वेळ पाहिलं. "राखाडी."

"आतपर्यंत?"

"आतपर्यंत. दोन्हीकून."

"मार लागून खड्डा पडला असता, तर काठाले पांढरा गर उघडा पडला असता. जखम भरल्याचा डाग दिसला असता. इथं सालच खाचेत उतरली आहे. म्हणजे साल बनत होती तवाच ही खाच होती. नंतर कोणी पाडली नाई."

शेषराव शेतकरी माणूस. ते जरा थांबून म्हणाले, "बाभळीच्या दोन फांद्या जठी फुटतात, तठी साल आत उतरते. कुऱ्हाडीचा घाव असन तं आतमंदी उघडं लाकूड दिसते, अन् कडेनं गाठ येते."

"बस, तेच. अन् ह्या दोन पोकळ्यांच्या मधात एक पातळ पडदा असते, तो काकाच्या मेंदूत बनलाच नाई. हेही त्याच काळातलं काम. सरांनी तेच सांगितलं. ही आईच्या पोटातली गोष्ट आहे, बाबा. पाच महिने भरायच्या आधीची. बाळंतपणात काई झालं नाई."

मग शेखरनेच विचारलं, अगदी साध्या आवाजात, "म्हणजे बिस्मिल्लाबीनं माहा हात नाई मोडला?"

हे नाव तो आयुष्यभर ऐकत आला होता. तिला त्याने पाहिल्याचं आठवत नव्हतं.

शेषराव उठले आणि बाहेर अंगणात गेले.

बिस्मिल्लाबी भातकुलीची दाई. तिचा नवरा पिंजारी, गाद्या भरायचा. तिचा पोरगा कुर्बान, शेषरावांच्याच वयाचा. गावच्या बहुतेक विहिरी खारट, पण शेषरावांच्या वडिलांच्या, नत्थुजींच्या, वावरातल्या विहिरीला गोडं पाणी होतं. बिस्मिल्लाबी सकाळी तिथं पाणी भरायला यायची. तेवढ्यात शेषरावांच्या आईशी, पार्बताबाईशी, तिच्या दोन गोष्टी व्हायच्या. एकीच्या घरचं लोणचं दुसरीकडे, दुसरीच्या घरचा शिरखुर्मा पहिलीकडे. कुर्बान पार्बताबाईला मावशी म्हणायचा, शेषराव बिस्मिल्लाबीला खाला.

चैत्रातल्या भर दुपारी पार्बताबाईच्या पोटात दुखायला लागलं आणि नत्थुजींनी बारा वर्षांच्या शेषाला पिटाळलं. बिस्मिल्लाबी कणीक मळत होती. तिने शांतपणे हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि निघाली. शेषा पुढे पळत होता तर म्हणाली, "पोट्ट्या, धावू नको. लेकरू आपल्या टायमानंच येते." दिवस कलायच्या आत बाळ रडलं. धुऊन पुसून फडक्यात गुंडाळलं आणि तिने ते आधी शेषाच्या मांडीवर ठेवलं. "घे. हा तुह्या जल्माचा सोबती." पुढे सव्वा महिना ती रोज तेल लावायला यायची. डावी मूठ उघडत नाही हे तिच्याच लक्षात आलं. म्हणून त्या हाताला ती जास्त वेळ चोळायची, एकेक बोट सोडवून पाहायची.

तेच पुढे तिच्यावर उलटलं. शेखर बसायला उशिरा लागला, चालायला त्याहून उशिरा, तेव्हा नत्थुजी त्याला अमरावतीला एका डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी हातपाय हलवून पाहिले आणि म्हणाले, जन्मताना मेंदूला मार लागला असावा; बाळंतपण कोणी केलं होतं? तेवढाच प्रश्न. तेव्हा डोक्याच्या आत पाहायला यंत्र नव्हतं आणि डॉक्टरांनी 'असावा' म्हटलं होतं. भातकुलीला पोचेपर्यंत त्या 'असावा'चं 'आहे' झालं. नत्थुजी वाईट माणूस नव्हते, पण पोराच्या दुःखाला कुठेतरी ठेवायला त्यांना जागा पाहिजे होती. पारावर बसून ते म्हणाले, "दाईनं माह्या पोराचा हात ओढला." मग सगळ्यांना आठवायला लागलं की ती त्याच हाताला किती चोळायची.

तिला कोणी शिवी दिली नाही, दारातून हाकललं नाही. विहिरीवर येऊ नको असंही कोणी म्हटलं नाही. फक्त ती आली की पार्बताबाई आत जायची, कारण नत्थुजी ओसरीवर बसलेले असायचे. मग एक दिवस बिस्मिल्लाबीची बादली खाऱ्या विहिरीकडे जाताना दिसली. बाळंतपणाला तिला कोणी बोलावेना. दुसऱ्या वर्षी पिंजाऱ्याने बोचकी बांधली आणि अकोल्याला निघून गेला. बैलगाडीत सगळ्यांत वर धुनकी ठेवली होती आणि कुर्बान मागे पाय सोडून बसला होता. शेषा वावराच्या कुंपणाआडून पाहत राहिला. वडील जवळच होते, म्हणून रस्त्यावर गेला नाही.

पार्बताबाई खूप वर्षांनी, अंथरुणाला खिळल्यावर, एकदाच शेषरावांना म्हणाली होती, "तिचे हात तं लय हलके होते रे." तेवढंच. मग तिने कूस बदलली.

मोनाली अंगणात आली, बाजूला उभी राहिली. शेषराव म्हणाले, "ती जिवंत असन काय?"

"तुमाले माहीत आहे का त्या कुठी आहेत?"

शेषरावांना माहीत होतं. एसटीतून अकोल्याला जाताना बसस्थानकाच्या अलीकडे त्यांनी पाटी वाचली होती: कुर्बान गादी भांडार. आत बसलेल्या माणसाचं नाक अगदी पिंजाऱ्याच्या नाकासारखं होतं. नंतर आणखी एकदा दिसली. दोन्ही वेळा ते बसमधून उतरले नाहीत.

"आपण जाऊ," ते म्हणाले.

"मीबी येतो," दारातून शेखर म्हणाला. "माहाच तं हात हाय."

पुढच्या सुटीच्या दिवशी तिघं मोनालीच्या गाडीने निघाले. शेषरावांनी टोपलीभर शेवंती घेतली, वावरातली वांगी घेतली, आणि रस्ताभर ती टोपली मांडीवरच ठेवली. मूर्तिजापूरला चहा घेतला तेव्हा शेखरने विचारलं, "तिले काय म्हणू मी?"

"खाला म्हण. मी तेच म्हणत होतो."

"अन् तिनं विचारलं, इतके दिवस काहून नाई आला, तं?"

"ते तुले नाई विचारणार. मले विचारन."

दुकान उघडं होतं. कुर्बान जमिनीवर बसून गादीला टाके घालत होता. दाढी पांढरी, डोळ्यांवर जाड काच. न पाहताच म्हणाला, "बोला, सिंगल का डबल?"

"कुर्बान, मी शेषा."

त्याने हातातला टाका पुरा केला, दोरा ओढला, गाठ मारली. "कोणता शेषा?"

"भातकुलीचा. नत्थुजीचा."

"नत्थुजीले जाऊन तं लय साल झाले. आयकलं होतं."

"व्हय. मायबी गेली."

तेव्हा कुर्बानने वर पाहिलं. "मावशी गेली? कवा?" मग स्वतःच म्हणाला, "आमाले कोण सांगन म्हणा." त्याने शेखरकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "काहून आला?"

शेषरावांनी जेवढं जमलं तेवढं सांगितलं. फोटो काढला, पोरीने पाहिलं, ते जन्मताना झालेलं नाही, आधीचं आहे. पुढचं मोनालीने सांगितलं. कुर्बान ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने दाभण पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

"हे मले सांगाले आले का तिले?"

"खाला आहे?"

"आहे. आतमंदी आहे. डोयाचं आपरेशन झालं, चांगलं दिसते. पण म्हातारी हाय. तिले रडवजो नको."

दुकानामागेच घर होतं. बिस्मिल्लाबी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, एवढीशी झालेली. तिची पणती म्हणावी अशा वयाची, पण नातच, उज्मा, शेजारी बसून लसूण सोलत होती. कुर्बानने कानाशी वाकून सांगितलं. म्हातारीने हात वर केला, थांब म्हटल्यासारखा.

"पार्बतीचा शेषा?"

"हो, खाला."

"बस. अन् हा?"

शेखर पुढे झाला. "मी शेखर. तो लहाना."

शेखरने तिच्या पायाला हात लावला तर तिने पाय आखडून घेतले. मग मोनाली खाली बसली आणि सांगायला लागली. तिने शब्द सोपे केले होते, वाटेत जुळवले होते, पण म्हातारीने मध्येच तोडलं. "तू डाक्टरीन हायेस ना? मंग फोटो दाखव."

मोनालीने लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. उज्माने दिवा मालवला. बिस्मिल्लाबी पडद्यावर इतकी वाकली की तिचं नाक टेकेल असं वाटलं.

"हे काळं काय हाय?"

"पाणी, दादी."

"अन् ह्या भेगीच्या काठाचं?"

"ती साल. साल भेगीत उतरली आहे, पाहा. लेकरू पोटात असताना ही साल बनते. तवाच ही भेग राहिली. पाच महिने भरायच्या आधी."

"पाच महिन्याच्या आंधी." म्हातारीने बोट पडद्यावरून काढलं. "पार्बतीनं मले सातव्या महिन्यात बलावलं होतं पोट पाहाले. त्याच्या आंधी म्या तिच्या पोटाले हातबी नाई लावला."

"हो."

"म्हणजे म्या हात लावला तवा हे होतंच."

"होतंच, दादी. तुमी हात लावायच्या आधी होतं."

ती मागे टेकली. बोलली तेव्हा कोणाकडे पाहून बोलत नव्हती. "तो वखत म्या फिरवून फिरवून पाह्यला, बेटा. डोस्कं आलं, मंग खांदा आला, मंग समदं लेकरू सुरकन आलं. जोर कुठी लावला? कुठीच नाई लावला. पण समदा गाव म्हणे, तं मलेबी वाटे, लावला असन. ध्यानात नसन राह्यलं. त्याच्यानंतर म्या एकबी लेकरू झेललं नाई. या उज्माच्या मायच्या बायतपणाच्या टायमाले घरातल्या घरात नड पडली होती, तं मी बाहीर ओट्यावर जाऊन बसली. शेजारची बाई आली."

उज्माला हे माहीत नसावं. तिने लसणाचं ताट खाली ठेवलं.

"मंग हे झालं कायनं?" म्हातारीने विचारलं.

"ते नाई माहीत," मोनाली म्हणाली. "लय वेळा कारण सापडतच नाई. पार्बता आजीनं काई केलं नव्हतं, तुमी काई केलं नव्हतं. एवढं मात्र पक्कं आहे."

शेखर इतका वेळ उभाच होता. तो खाटेच्या काठावर बसला आणि आपली वळलेली मूठ तिच्यापुढे धरली. कोणी सांगितलं नव्हतं. म्हातारीने ती दोन्ही हातांत घेतली, अंगठा बाजूला केला, मग एकेक बोट सोडवायला लागली.

"लय आखडली. मालिश कोणी करत नाई?"

"माय करे. मंग कोणी नाई."

"उज्मा, तेल आण."

तेल आलं. तिने तळहातापासून सुरुवात केली आणि मनगटापर्यंत गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं पण हात थांबत नव्हते. शेषराव म्हणाले, "खाला, माय जायच्या आंधी म्हणे, तिचे हात लय हलके होते."

"पार्बती म्हणे?"

"हो."

"तवा काहून नाई बोलली?"

"भ्याली असन," शेषराव म्हणाले. म्हातारीने मान हलवली. ते तिला पटलं की नाही, कळलं नाही.

दोघं म्हातारे मित्र बाहेर दुकानात येऊन बसले. कुर्बानने चहा मागवला. मग म्हणाला, "इतके साल लागले तुले."

"ते मशीन आत्ता..."

"मशीनचं नाई म्हणत मी. मशीनचं मले समजते. तुले यायाले मशीन काहून लागलं?"

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. शेषराव म्हणाले, "नाई लागायला पाह्यजे होतं. दोनदा बसमधून तुही पाटी पाह्यली. उतरलो नाई."

कुर्बानने बशीत चहा ओतला. "मीबी पाह्यलं तुले. अमरावतीच्या फूल बाजारात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. झेंडूच्या ढिगामागं बसून होता. मी दुसऱ्या वट्यावरून झेंडू घेतला अन् आलो." त्याने चहा प्यायला. "अब्बाले अकोला मानवला नाई. मरेपर्यंत म्हणे, भातकुलीचं पाणी गोड होतं. आता मले माहीत होतं ना, समद्या गावाचं पाणी खारं. तुमच्याच विहिरीचं गोड होतं. पण त्याले मी कधी बोललो नाई."

शेषरावांनी मान खाली घातली. त्या दोघांनी एकमेकांना मिठी वगैरे मारली नाही. पण जेवायची वेळ झाली तेव्हा कुर्बानच उठला आणि म्हणाला, "वांगे आणले ना तू? मंग ते कराले सांगतलं. बसा आता."

जेवताना त्याने विचारलं, नत्थुजींच्या वावराच्या धुऱ्यावर ते चिंचेचं झाड आहे का? नाही, रस्ता रुंद झाला तेव्हा गेलं. गुराख्याचा भाऊ, तो तोतरा? तो सरपंच झाला होता. कुर्बान हसला. मग धुनकीच्या आवाजाला भिऊन मास्तरांची सायकल नालीत गेली होती ती गोष्ट निघाली. दोघं मिळून सांगायला लागले आणि एकाचं ऐकून दुसरा दुरुस्त करायला लागला. शेखर दोघांकडे पाहत राहिला. या भावाला असं पोरासारखं बोलताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

शेखरच्या फिटा गेल्या नाहीत. मोनालीने आधीच सांगितलं होतं, खाच बुजत नसते. पण डॉक्टरांना आता नेमकी जागा आणि नेमकं कारण कळलं, त्यांनी औषध बदललं, आणि फिटा कमी झाल्या. तो पुन्हा वाफ्यात जाऊन फुलं तोडायला लागला. मोनालीने स्वतःपुरता एक नियम केला. अशा जन्माआधीच्या खोटीचा फोटो समोर आला की ती नुसतं नाव लिहून थांबत नाही. घरच्यांना आत बोलावते, पडद्यावर दाखवते आणि सांगते की हे बाळंतपणात झालेलं नाही, कोणाच्या हाताने झालेलं नाही. कधी एखादी आई ते ऐकून तिथंच मटकन खाली बसते. तेव्हा मोनाली तिला पाणी देते आणि पुढच्या पेशंटला थोडं थांबायला सांगते.

दसरा उलटून गेल्यावर कुर्बान आईला घेऊन भातकुलीला आला. जैन मंदिरामागचं पिंजाऱ्याचं घर आता नव्हतं, तिथं खतांचं गोदाम उभं होतं. कुर्बान त्याच्या शटरसमोर उभा राहिला, इकडून तिकडे चालून पाहिलं, आणि "इथं आमची चूल होती," म्हणून एका जागी थांबला.

बिस्मिल्लाबी शेषरावांच्या अंगणात खुर्चीवर बसली होती. शेखरच्या फोटोत काय निघालं ते गल्लीला ठाऊक झालं होतं; आता ती आल्याचंही कळलं. आधी कोणी आलं नाही. मग समोरच्या घरातली एक म्हातारी काठी टेकत आली, तिच्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "बिस्मिल्ला, ओयखलं का?" तिच्यामागून तिचा मुलगा आला. टक्कल पडलेला, नातवंडांचा आजोबा. तो वाकून म्हणाला, "खाला, मी तुमच्या हातचा." मग आणखी एक जण आला, मग दोन बहिणी आल्या, ज्यातली धाकटी तिच्या हातची होती आणि थोरली नव्हती. माफी कोणी मागितली नाही. कशी मागायची तेही कोणाला माहीत नव्हतं. ते नुसते येऊन सांगत होते, मी तुमच्या हातचा, मी तुमच्या हातची. बिस्मिल्लाबी प्रत्येकाचा चेहरा जवळ ओढून पाहत होती आणि त्याच्या आईचं नाव विचारत होती.